सत्तर भाग, पंचवीस वर्षं आणि तुमचा मामा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: तुम्ही ३६ वर्षांचे. गेली चार वर्षं एका रोजच्या मालिकेत विनोदी मामाचं काम करताय. भाजीवालीपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे ‘मामा’ म्हणूनच हाक मारतात. मध्यंतरी एका नाटकाच्या वाचनाला गेलात, तर दिग्दर्शक म्हणाला की तुम्ही एन्ट्री घेतलीत की लोक वाक्याआधीच हसतील. इकडे डेव्हिड सुशे या इंग्लिश नटानं टीव्हीवर अगाथा ख्रिस्तीच्या रहस्यकथांतला गुप्तहेर एर्क्यूल प्वारो पंचवीस वर्षं केला, तरी त्याला कुणी एकाच भूमिकेचा नट म्हणून मोडीत काढलं नाही. त्यानं नेमकं काय केलं, आणि तुम्ही मालिका सोडावी का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी इथे बसून देऊ शकत नाही, हे आधीच सांगतो. घराचा हप्ता किती, करारात बाहेरच्या कामाची मुभा आहे का, घरात दुसरा पगार येतो का, यावर ते ठरतं. ज्यानं तुमचं लाइट बिल भरलेलं नाही त्यानं ‘सोडून द्या, कलेसाठी जगा’ असं सांगू नये. पहिल्या प्रश्नाबद्दल मात्र बोलता येईल. मी तीसेक वर्षं नाटकात आहे. आधी नट म्हणून होतो, गेली काही वर्षं इतर नटांची भूमिकेची तयारी करून घेतो, आणि सुशेचं काम मी विद्यार्थ्यांना दाखवतो ते कौतुकासाठी नाही, कारागिरी उलगडून बघण्यासाठी.

शिक्का बाहेरचे लोक मारतात, त्यावर आपला इलाज थोडा. पण तुमच्या मजकुरात मध्येच एक वाक्य आहे, जे तुम्ही जाता जाता लिहून गेलात: ‘आता पान हातात आलं की वाचायच्या आधीच मला कळतं मी ते कसं बोलणार.’ दुखणं हे आहे. शिक्क्याचं नंतर बघू.

आता सुशे. प्वारो त्याच्याकडे आला तेव्हा तो चाळिशी ओलांडलेला होता, ही गोष्ट लोक विसरतात. जन्म १९४६चा, लंडनचा. वडील दक्षिण आफ्रिकेतून आलेले स्त्रीरोगतज्ज्ञ, आई रंगभूमीवरची, आईचे वडील जेम्स जार्शे हे वृत्तपत्रसृष्टीतले नावाजलेले छायाचित्रकार. मोठा भाऊ जॉन पुढे टीव्हीवरचा प्रसिद्ध वृत्तनिवेदक झाला. डेव्हिड आधी नॅशनल यूथ थिएटरमध्ये होता, मग ‘लॅम्डा’ या लंडनच्या नाट्यशाळेत शिकला, आणि १९६९पासून चेस्टरसारख्या गावांतल्या रेपर्टरी नाट्यगृहांत काम करू लागला. रेपर्टरी म्हणजे एका नाटकाचे प्रयोग चालू असतानाच पुढच्याची तालीम. या आठवड्यात नोकर, पुढच्या महिन्यात राजा. कॉव्हेंट्रीच्या नाट्यगृहात त्याला शीला फेरिस भेटली. पुढे लग्न झालं, आणि काही वर्षं या जोडप्यानं कालव्यातल्या अरुंद बोटीत संसार केला. जिथे प्रयोग तिकडे बोट न्यायची! आपल्याकडच्या दौऱ्याच्या बसपेक्षा बरी व्यवस्था, एवढंच म्हणतो.

१९७३ला तो रॉयल शेक्सपिअर कंपनीत गेला. तिथलं त्याचं कॅलिबन हे काम तुम्ही समजून घ्यायला हवं. शेक्सपिअरच्या ‘द टेम्पेस्ट’मधला हा बेटावरचा प्राणी. त्याला अर्धा मासा, अर्धा राक्षस, अंगाला खवले वगैरे करून दाखवायची रूढी होती, आणि १९७८च्या त्या प्रयोगातही सुरुवातीचा विचार त्याच वळणाचा होता. सुशेनं संहिता घेऊन बसून एक साधं काम केलं. कॅलिबनला कोण काय म्हणतं आणि तो स्वतः काय बोलतो, काय करतो, हे वेगळं काढलं. मासा म्हणणारे सगळे बाहेरून आलेले. तो स्वतः मात्र बेट ओळखणारा, गोड्या पाण्याचे झरे दाखवणारा, आपली जमीन गेली म्हणून चिडलेला माणूस. मग त्यानं तो माणूस म्हणूनच उभा केला, बेटाचा मूळ रहिवासी म्हणून. नाटकातली इतर पात्रं आपल्या पात्राबद्दल जे बोलतात ती त्यांची मतं असतात, आपली वेशभूषा नव्हे. मी हे वाक्य वर्गात इतक्यांदा बोललोय की पोरं आता माझ्या आधी म्हणतात.

त्याची दुसरी सवय याहून कामाची. भूमिका हातात आली की तो विचारतो, हे पात्र नाटकातून काढून टाकलं तर नाटकाचं काय बिघडेल? लेखकानं याला कशासाठी आणलंय? उत्तर मिळेपर्यंत बाकी सजावट बाजूला. आपण नट बहुतेकदा उलटे सुरू करतो. ‘माझं पात्र कसं चालेल, कसं बोलेल, याला काही लकब देऊ का?’ लकब सापडली की अर्धं काम झालं असं वाटतं. खरं तर तिथे दार बंद होतं.

त्याच कंपनीत १९८१ला ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मधला सावकार शायलॉक, १९८५ला ‘ऑथेल्लो’तला खलनायक इयागो. त्या ऑथेल्लोत समोर बेन किंग्जले होता, म्हणजे आपण ज्याला ‘गांधी’ म्हणून ओळखतो तोच. (शिक्क्याची भीती वाटणाऱ्यानं किंग्जलेचंही पुढचं काम बघावं. महात्मा साकारून जगभर ओळखला गेलेला माणूस २०००मध्ये ‘सेक्सी बीस्ट’मध्ये अंगावर काटा आणणारा गुंड होतो.) जमलं तर दिग्दर्शक जॉन बार्टनच्या ‘प्लेइंग शेक्सपिअर’ या टीव्ही मालिकेतला शायलॉकचा भाग मिळवून बघा. पॅट्रिक स्ट्युअर्ट हा नट आणि सुशे दोघांनीही बार्टनच्याच दिग्दर्शनात शायलॉक केला होता, आणि इथे दोघं समोरासमोर तेच प्रवेश करून दाखवतात. दिग्दर्शक एक, शब्द तेच आणि माणसं दोन. असा धडा पुस्तकात मिळत नाही.

तर १९८०च्या दशकाच्या अखेरीला प्वारोचं बोलावणं आलं तेव्हा या माणसाच्या मागे जवळजवळ वीस वर्षांची शिदोरी होती. त्याआधी १९८५मध्ये पीटर उस्टिनॉव्ह प्वारो असलेल्या एका टीव्ही चित्रपटात त्यानं प्वारोकथांतला पोलिस अधिकारी इन्स्पेक्टर जॅप केला होता, आणि ते काम तो स्वतःच्या सगळ्यात वाईट कामांत गणतो. मला हे ऐकून फार बरं वाटलं होतं. प्वारो करावा का, असं भावाला विचारलं, तर भाऊ म्हणाला, त्या वाटेला जाऊ नकोस, ते हास्यास्पद पात्र आहे, तुझं नाही. आपल्याकडेही असे भाऊ असतात. बरेचदा ते बरोबरही असतात.

मग त्यानं काय केलं? अगाथा ख्रिस्तीच्या प्वारोकथा एकामागून एक वाचल्या, आणि शेजारी कागद ठेवून त्या माणसाची वैशिष्ट्यं उतरवत गेला. यादी ९३वर थांबली. चहा-कॉफीत साखरेचे तुकडे किती, विमानाची आणि बोटीची किती धास्ती, कॉलर कुठली, घड्याळ कुठलं, वस्तू सरळ रेषेत नसल्या की कसा अस्वस्थ होतो. सगळं लेखिकेच्या शब्दांतून आलेलं. ही यादी तो चित्रीकरणात जवळ बाळगायचा. शंका आली की दिग्दर्शकाकडे जायच्या आधी यादीकडे.

आवाजाचं बघा. सुशेचा मूळ आवाज छातीतला, खर्जाचा. प्वारो डोक्यानं जगणारा माणूस, म्हणून त्यानं आवाज वर, डोक्यात नेला. उच्चारासाठी फ्रेंच आणि बेल्जियन रेडिओवरची माणसं ऐकत बसला, कारण प्वारो फ्रेंच नाही, बेल्जियन आहे, आणि कुणी फ्रेंच म्हटलं की त्याला राग येतो. चालीसाठीचा किस्सा तुम्ही ऐकला असेल: नितंबांमध्ये एक नाणं धरून ते न पाडता चालायचं. युक्ती लॉरेन्स ऑलिव्हिए या थोर इंग्लिश नटाच्या नावावर सांगतात. घट्ट, चकचकीत पेटंट लेदरचे बूट घालणारा, तुरुतुरु चालणारा माणूस पुस्तकात होता, नाण्यामुळे तो पायांत आला. मी माझ्या वर्गात हे रुपयाच्या नाण्यानं करून घेतलंय. पहिले दहा मिनिटं हसण्यात जातात, अकराव्या मिनिटाला दोनतीन जणांचा पाठीचा कणाच बदललेला दिसतो.

आणि एक प्रसंग, जो मला या सगळ्या कहाणीत सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अगदी सुरुवातीच्या चित्रीकरणात प्वारोनं बागेतल्या बाकावर बसायचं होतं. सुशे म्हणाला, हा आधी खिशातला रुमाल काढणार, बाक पुसणार, रुमाल पसरणार आणि मग बसणार. दिग्दर्शकाला ते हास्यास्पद वाटलं. दोघंही अडून बसले, काम थांबलं, शेवटी निर्माता ब्रायन ईस्टमनला मध्ये पडावं लागलं, आणि त्यानं सुशेची बाजू घेतली. एका रुमालासाठी! पण रुमाल सोडला असता तर पुढच्या आठवड्यात बूट सुटले असते, मग कॉलर, आणि तीन वर्षांनी प्वारोच्या जागी मिशीवाला सुशे उरला असता. ख्रिस्तीची मुलगी रोझलिंड हिक्स हिनं त्याला सुरुवातीलाच जेवायला बोलावून बजावलं होतं, की प्रेक्षकांनी प्वारोबरोबर हसावं, प्वारोला हसू नये. रुमालाचं भांडण या वाक्यासाठीच होतं असं मी समजतो. बाक पुसणारा माणूस विनोदी दिसतो, पण त्याच्या लेखी ते विनोदी नसतं. त्याला खरोखर डाग नको असतो.

तुमच्या मामाकडे येतो. मी तुमचे काही भाग बघितले. सुरुवातीचे आणि हल्लीचे, मुद्दाम दोन्हीकडचे. सुरुवातीला मामा फोनवर ओरडून बोलतो, कारण एका प्रवेशात कळतं की त्याला एका कानानं कमी ऐकू येतं आणि ते तो घरच्यांपासून लपवतोय. किती सुंदर गोष्ट होती ही! हल्ली मामा सगळ्यांशीच ओरडतो. कान गेला, ओरडणं राहिलं. लेखक बदलले असतील, ट्रॅक फिरला असेल, वाहिनीच्या क्रिएटिव्हनं ‘मामाचा तो ओरडायचा गंमतीशीर बिट वाढवा’ म्हटलं असेल. पण तुम्हीही तो कान सोडलात. ‘वाचायच्या आधीच कळतं’ हे त्याचंच पुढचं टोक. कारण उरलं नाही की फक्त आवाज उरतो, आणि आवाज आधीच ठरलेला असतो.

हे मी उंटावर बसून सांगत नाही. माझं एक व्यावसायिक नाटक होतं, सहाशेच्या आसपास प्रयोग झाले. एका रविवारी दुपारच्या प्रयोगात दुसऱ्या अंकात मी चक्क दीड पान गाळून पुढे गेलो. आणि ते मला कळलंच नाही. समोरच्या नटीनं सावरून घेतलं. विंगेत आल्यावर ती म्हणाली, ‘दादा, आज बायकोच्या मरणाचा उल्लेखच केला नाहीत.’ मी म्हटलं, केला की. नव्हता केला. हशा सगळे बरोबर वसूल झाले होते, टाळी ठरलेल्या जागी पडली होती आणि नाटकातला एकुलता एक खरा प्रसंग गायब होता. प्रेक्षकांनाही चुकल्यासारखं वाटलं नाही, हे जास्त लागलं. त्या रात्री मी संहिता पहिल्या पानापासून वाचली, चारएक वर्षांत पहिल्यांदा. कितीतरी वाक्यं मी स्वतःच्या सोयीनं बदलली होती.

तेव्हा सुशेकडून उचलायची पहिली गोष्ट म्हणजे ती यादी. पण इथे एक अडचण आहे, आणि ती लपवून मी तुम्हाला सल्ला देणार नाही. त्याच्यामागे ख्रिस्ती होती. तेहतीस कादंबऱ्या, पन्नासहून जास्त लघुकथा, लेखिका हयात नसल्यानं मजकूर न बदलणारा. तुमच्या मामाचा बाप दर तीन महिन्यांनी बदलतो, आणि टीआरपी घसरला की मामाचा स्वभावही. मग यादी कशाची करायची? माझं उत्तर असं: पहिल्या पन्नास भागांची. मामा जन्माला आला तेव्हा ज्या लेखकानं त्याला घडवलं त्याच्या शब्दांतून जेवढं निघतं तेवढं. तो तुमचा मूळ ग्रंथ. नंतर आलेलं त्याच्याशी जुळत असेल तर घ्या, विरोधात असेल तर कारण शोधा. माणसं बदलतात, पण कारणानं बदलतात. कारण लेखकानं दिलं नसेल तर तुम्ही मनात तयार करा, कुणाला सांगायची गरज नाही. ९३ नको, वीस मुद्दे निघाले तरी पुष्कळ. त्यातला पहिला कान असेल अशी मला आशा आहे.

आणि रुमालाचं भांडण? रोज तीसेक मिनिटांचं फुटेज काढणाऱ्या सेटवर काम थांबवून तुम्ही वाद घातलात तर दुसऱ्या दिवशी मामा काशीयात्रेला जाईल. मी माझ्याकडच्या मालिकावाल्यांना सांगतो, दहातल्या नऊ गोष्टी सोडा. दहावी मात्र सेटवर नाही, आदल्या दिवशी फोनवर मांडा, आणि ‘मला हे पटत नाही’ असं न म्हणता ‘मामा असं का करेल, मला कळेल असं सांगा’ असं विचारा. लेखकांना हा प्रश्न आवडतो. बिचाऱ्यांना कुणी विचारतच नाही.

आता पंचवीस वर्षांकडे. इथे तुमची तुलनाच थोडी फसली आहे. प्वारोचा पहिला भाग ८ जानेवारी १९८९ला दाखवला, शेवटचा १३ नोव्हेंबर २०१३ला. मधले एकूण भाग सत्तर. वर्षाला सरासरी तीनसुद्धा नाहीत. सुरुवातीला पन्नासेक मिनिटांचे दहा-दहा भाग सलग व्हायचे, आणि तेव्हा तो अक्षरशः पिळून निघायचा. पण नंतर लांब चित्रपटांसारखे मोजके भाग होऊ लागले आणि १९९०च्या दशकाच्या शेवटाकडे मालिका काही काळ थांबलीच. २०००मध्ये पुन्हा सुरू झाली. दर हंगामानंतर पुढचा होईल की नाही हे त्याला ठाऊक नसायचं. तुमची मालिका आठवड्याला सहा दिवस, म्हणजे वर्षाला तीनशेच्या आसपास भाग. चार वर्षांत बाराशे. सुशेच्या पंचवीस वर्षांच्या कितीतरी पट मामा तुम्ही आधीच करून बसलाय. ‘तो पंचवीस वर्षं टिकला, मी चार वर्षांत का थकलो’ हा विचार मनातून काढून टाका. तुम्ही थकलात यात नवल नाही.

खरी गंमत त्या फटींमध्ये आहे. प्वारोच्या दोन हंगामांमध्ये सुशे काय करत होता ते बघा. १९९३ला ‘ओलिआना’ हे नाटक, दिग्दर्शक हॅरॉल्ड पिंटर: विद्यार्थिनीच्या आरोपानं आयुष्य उद्ध्वस्त होणारा प्राध्यापक. १९९६ला डायना रिग या अभिनेत्रीबरोबर ‘हूज अफ्रेड ऑफ व्हर्जिनिया वूल्फ?’ १९९८ला ‘अमाडिअस’मधला मोझार्टवर जळणारा संगीतकार सालिएरी, जो पुढे न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर गेला आणि २०००मध्ये टोनी या नाट्यपुरस्काराच्या नामांकनापर्यंत पोचला. टीव्हीवर २००१ला ‘द वे वी लिव्ह नाऊ’मधला मेलमॉट, लंडनच्या भांडवलदारांना नाचवणारा भामटा. २००७ला रॉबर्ट मॅक्सवेल, खराखुरा वृत्तपत्रसम्राट, ज्याच्या मृत्यूनंतर कर्मचाऱ्यांच्या पेन्शन निधीवर त्यानं मारलेला डल्ला उघड झाला. या कामाला २००८चा आंतरराष्ट्रीय एमी हा टीव्ही पुरस्कार मिळाला. २०१०ला ‘ऑल माय सन्स’ या नाटकातला बाप. सगळी माणसं प्वारोच्या उलट्या टोकाची. प्वारो नीटनेटका, तर हे आतून विस्कटलेले. प्वारो सत्य शोधतो, हे सगळे काही ना काही लपवतात. हे ठरवून केलं की ओघात झालं, ते तोच जाणे. पण नटाच्या अंगाला जणू उलटा पीळ मिळत गेला, आणि दर वेळी प्वारोकडे परतताना तो रिकाम्या हातानं परतला नाही.

त्यामुळे त्याला शिक्का बसला नाही, असं म्हणणंही पूर्ण खरं नाही. जगभरच्या सामान्य प्रेक्षकासाठी तो आजही प्वारोच आहे. फरक इतकाच की ज्यांच्या हातात पुढचं काम होतं, त्या दिग्दर्शकांनी आणि निर्मात्यांनी त्याला दुसरं काहीतरी करताना अधूनमधून बघितलं होतं. २०२०मध्ये त्याला ‘सर’ किताब जाहीर झाला, तो काही एकट्या मिशीसाठी नाही.

याच मापाचा दुसरा नट मला नेहमी आठवतो, जेरेमी ब्रेट. ग्रॅनडा टेलिव्हिजनचा शेरलॉक होम्स, १९८४ ते १९९४, एकूण ४१ भाग. त्यानंही होम्सच्या सवयींची ७७ पानांची फाइल बनवली होती. पद्धत अगदी सुशेसारखी आणि काम, माझ्या मते, तितकंच थोर. पण त्याचं आयुष्य वेगळ्या वाटेनं गेलं. १९८५मध्ये बायको गेली. द्विध्रुवी विकाराशी झगडा होता, त्यावरची औषधं होती, मग हृदयाचं दुखणं, आणि सप्टेंबर १९९५मध्ये वयाच्या ६१व्या वर्षी तो गेला. होम्सनं त्याला खाल्लं असं लोक सहज बोलतात. मी तसं बोलणार नाही. आजार हा आजार असतो, भूमिकेवर ढकलून त्याचं रसभरीत नाटक करू नये. मी हे सांगतो ते एवढ्यासाठी की यादी सगळ्यांना वाचवते असं तुम्ही धरून चालू नका. सुशेचं घर स्थिर होतं, तब्येत साथ देत होती, वेळापत्रकात फटी होत्या, निर्माता पाठीशी होता. यातलं बरंचसं नशीब आहे. तुमची झोप कशी आहे? हे मी शिष्टाचार म्हणून विचारत नाही. बारा-बारा तासांच्या शिफ्टा चार वर्षं केल्यावर जे कंटाळ्यासारखं वाटतं, ते कधीकधी निव्वळ अपुरी झोप असते. आधी ती बघा, मग कलेचं बघू.

फटीबद्दल. तुमच्या वेळापत्रकात फट पडणार नाही, ती पाडावी लागेल. मुंबईत असाल तर महिन्यातून एक रविवार कुठेतरी नाट्यवाचन होतंच. तिथे मामा अजिबात नसलेलं काहीतरी वाचा. एकपात्री दहा मिनिटं, आकाशवाणीवरची श्रुतिका, कथाकथन, कुणा विद्यार्थ्याची छोटी फिल्म. आवाजाचं काम सगळ्यात सोयीचं, कारण तिथे तुमचा चेहरा नसतो आणि चेहऱ्यावरचा शिक्काही नसतो. सुशेनं अख्खं बायबल वाचून ध्वनिमुद्रित केलंय. तिथे त्याला प्वारोचा कंठ कामाचा नव्हता, त्याचा स्वतःचाच लागला. पैसे फारसे मिळणार नाहीत. त्या दिवशी तुम्ही पान वाचायच्या आधी तुम्हाला काहीच ठाऊक नसेल, हाच त्या दिवसाचा मेहनताना.

आणि त्या नाटकाच्या दिग्दर्शकाचं. लोक हसतील म्हणाला ना? हसू द्या. पहिल्या एन्ट्रीला हसतील. दुसऱ्या वाक्यापर्यंत ते हसू टिकतं की गिळलं जातं, ते तुमच्या हातात आहे. आपल्या रंगभूमीवर विनोदी नटानं गंभीर प्रवेशात सगळं नाट्यगृह गप्प केल्याचे अनुभव मी विंगेतून घेतलेत, आणि ती शांतता गंभीर नटाच्या वाट्याला येत नाही. दिग्दर्शकाला पुन्हा फोन करा, एकच प्रवेश करून दाखवू का म्हणून विचारा. नाही म्हणाला तर नाही. तुमचं गेलं काय?

मालिका सोडण्याबद्दल इतकंच म्हणेन: करार मार्चमध्ये संपतो असं तुम्ही लिहिलंय, तर तोवरचे महिने यादी आणि एखादी फट यांत घाला, आणि मग ठरवा. थकव्यात घेतलेला निर्णय बहुतेकदा थकव्याचाच असतो. यादी करूनही मामात काही उरलं नाही असं दिसलं, तर सोडा, आणि सोडायच्या आधी सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असू द्या. काही उरलं असेल तर राहा, पण नूतनीकरणाच्या वेळी महिन्यातले ठरावीक दिवस मोकळे लिहून घ्या. तोंडी नको, लिहून. तोंडी आश्वासनं सेट बदलला की पुसली जातात, हे मी स्वतःच्या पैशानं शिकलोय.

सुशेनं शेवट कसा केला ते सांगायचं राहिलं. प्वारोच्या मृत्यूचा ‘कर्टन’ हा भाग दाखवला शेवटी, पण त्याचं चित्रीकरण शेवटच्या हंगामात आधीच उरकून घेतलं. त्यासाठी तो वजन उतरवून बसला होता, चाकाच्या खुर्चीतला जर्जर म्हातारा प्वारो करायला. इतर भाग नंतर झाले आणि अखेरचं चित्रीकरण ‘डेड मॅन्स फॉली’चं, डेव्हनमधल्या ग्रीनवे या खुद्द ख्रिस्तीच्या घरी. म्हणजे पडद्यावर प्वारो मेला, पण सुशेनं त्याचा निरोप घेतला तो धडधाकट, तुरुतुरु चालणारा प्वारो म्हणून, लेखिकेच्या अंगणातून. तुम्हाला असं अंगण मिळणार नाही कदाचित. पण मामा मालिकेतून जाणार असेल तर कुठल्या प्रवेशानं जाईल, हे लेखकाला आतापासून विचारून ठेवायला हरकत नाही.

राहता राहिला तुमचा ताजा कलम: प्वारोची मिशी खरी होती का? नव्हती. चिकटवलेलीच, रोजच्या रोज. तुमच्याही ओठावर लाल झालेलं दिसतंय हल्लीच्या भागांत. मिशी ओढून काढताय तुम्ही, पॅकअपच्या घाईत. तसं करू नका. कापसाला थोडं खोबरेल लावून कडेनं भिजवा, दोन मिनिटं थांबा, आपोआप सुटते. आणि मेकअपदादांना विचारून बघा, डिंक बदलता येतो का.